विरुद्ध पार्टीच्या बाई

बाई आमच्या घरात दीड तास बसल्या आणि घोटभर पाणी नाय प्यायल्या. सासूने तांब्या पुढे केला, मग मी केला, मग शेजारच्या काकीने शहाळं फोडून आणलं, तरी नाय. त्यांची स्वतःची स्टीलची बाटली होती, एका बाजूने चेपलेली, ती पिशवीतून काढायच्या, दोन घोट घ्यायच्या, झाकण घट्ट लावून परत ठेवायच्या. सासू आत येऊन मला म्हणाली, "एवढा कसला गं गर्व? आमच्या पान्यात काय मासं पवतात?" आता तिला मी काय सांगणार, की ही बाई ज्या सरकारी खात्यासाठी लढते त्या खात्याच्या साहेबांच्या हातचा चहापण घेत नाय. मी बघितलंय ते. कोर्टाच्या व्हरांड्यात साहेब कप घेऊन उभा आणि ह्या म्हणतायत, "निकाल लागू दे, मग पाजा. तेव्हा पाजावासा वाटला तर."

त्या सरकारी वकील होत्या. अलिबागच्या कोर्टात. म्हणजे सरकारच्या रस्त्यावर, सरकारच्या जेट्टीवर, सरकारच्या इमारतीत कोणी पडलं, हातपाय मोडला आणि त्याने भरपाईचा दावा लावला, तर सरकारच्या बाजूने उभं राहायचं आणि सांगायचं की चूक आमची नाय. हे काम त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. आमच्या विरुद्धपण तेच केलं. नाव नलिनी, पण कोर्टात सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे. मी बाई म्हणायचे, पहिल्या दिवशी तोंडातून बाई निघालं ते तसंच राहिलं.

मी आठवी शिकलेली हाय. लिहिताना कुठं थांबायचं ते मला कळत नाय, बोलतानापण कळत नाय, घाबरले की जास्तच, आणि हे सगळं त्याच्यामुळंच झालं म्हणून ते आधीच सांगून टाकते.

आमच्या गावची जेट्टी लहान हाय, रेवसच्या अलीकडं. पाण्यात उतरायला पायऱ्या, बाजूला लोखंडी कठडा. तो कठडा खाऱ्या हवेने खाऊन टाकलेला, खालच्या दोन पायऱ्या तुटलेल्या. आमच्या ह्यांची छोटी होडी होती. ह्यांनी काय केलं, पायऱ्यांच्या तोंडाशी आपल्या जाळ्याची निळी दोरी आडवी बांधली, कोणी म्हातारं माणूस, पोर त्या बाजूने उतरू नये म्हणून. आणि महिन्याभराने ओहोटीच्या वेळी ह्यांची होडी सुटली, खांबावर आपटायला लागली, तर हेच दोरी ओलांडून खाली धावले. कठड्याला हात घातला तर कठडा हातात आला. खाली खडक. पाठीचा कणा गेला. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा आमची स्वरा सात महिन्यांची होती, नुकती बसायला लागली होती. मी एका बाजूला तिला उशा लावून बसवायचे आणि दुसऱ्या बाजूला ह्यांना.

दावा लावला तो माझ्या भावाने धावपळ करून. वकील पण त्यानेच बघून दिला, तरुण, चांगला होता, पण नेहमी घाईत. मी काय सांगायला लागले की म्हणायचा, "वहिनी, ते नंतर. आधी इथं सही." दोरीचं मात्र त्याने विचारलं होतं आणि ऐकल्यावर कपाळाला हात लावला होता. म्हणाला, "हे कुठं बोलायचं नाय. ह्यांना धोका माहीत होता आणि तरी गेले, असा अर्थ निघतो त्याचा. दोरी नव्हतीच. कळलं?"

मला कळलं. आणि तरी पहिल्या तारखेला मी ते केलं.

झालं असं, माझ्या दिराची मागे मारामारीची केस झाली होती, त्याचं डोकं फोडलं होतं कोणी, तेव्हा सरकारी वकील आमच्या बाजूने होता. फुकट. त्यामुळं आमच्या घरात सगळ्यांचं असं पक्कं, की सरकारी वकील म्हणजे गरिबाचा वकील. मी कोर्टात गेले, कडेवर स्वरा, आमचा वकील कुठं दिसेना, आणि बाकावर ह्या बसलेल्या, चष्मा नाकावर, कानाच्या मागे पेन्सिल, मांडीवर फाईल. आणि फाईलवर ह्यांचं नाव. ते मला वाचता आलं. मी विचारलं, "तुम्ही सरकारी वकील?" म्हणाल्या, "हो."

बास. मी त्यांच्या बाजूला बसले आणि सुटले. सगळं सांगितलं. कठडा कसा होता, हे कसे पडले, रात्रीचं कसं ओरडतात, स्वराला धरू शकत नायत, दोरी ह्यांनीच बांधली होती, ह्यांनी खात्यात अर्जसुद्धा दिले होते, शिपायाने शिक्का मारून दिला होता, तो कागद डब्यात हाय तांदळाच्या, सगळं, एका दमात. त्यांनी हात वर केला होता. "बाय, थांब. अगं थांब. मी तुझी नाही." असं दोनदा म्हणाल्या, मला आता आठवतं. पण मी तोपर्यंत रडायला लागले होते आणि रडताना मला ऐकायला येत नाय.

आमचा वकील धावत आला. "अहो वहिनी, काय करताय? त्या विरुद्ध पार्टीच्या हायत!"

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी फाईल बंद केली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी सरकारची आहे. पुन्हा माझ्याशी केसबद्दल बोलायचं नाही. देवाशपथ सांगते, बोलायचं नाही." मग उठून लांबच्या बाकावर जाऊन बसल्या. बसायच्या आधी तो बाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला.

त्यांची ती सवय होती. मला वाटलं मला टाळायला काय तरी करतायत, पण नाय, त्या सगळंच हलवून बघायच्या. कोर्टाचा जिना चढताना कठडा. पंख्याच्या बरोबर खाली कधी बसायच्या नायत, वर बघून खुर्ची थोडी सरकवायच्या. फरशी निसटलेली असली तर अंगठ्याने दाबून बघायच्या. तिथला कारकून मला सांगायचा, "मॅडमना जिल्ह्यातली प्रत्येक तुटकी पायरी पाठ हाय. कुठं कोण पडलं, कुठला हात, डावा का उजवा." तो हसून सांगायचा. मला हसायला नाय यायचं.

आणि उभ्या राहून प्रश्न विचारायच्या आधी चपला काढायच्या. टेबलाखाली, गुपचूप. काळा कोट, पांढरी साडी आणि खाली अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, आमच्या शेतावरच्या बायांसारख्या. त्या आतल्या गावच्या, भातशेतीवाल्या घरातल्या होत्या म्हणे. कोर्टात बोलायच्या पुस्तकातल्यासारखं, पण चिडल्या की गावठी यायचं बाहेर. एकदा त्यांच्या हाताखालच्या पोरीने विचारलं, मॅडम चपला का काढता, तर म्हणाल्या, "पाय जमिनीला लागल्याबिगर माझं डोकं चालत नाय."

आमची तारीख लागायच्या आधी मी तासन् तास बसायचे तिथं, म्हणून दुसऱ्यांच्या केसेसपण ऐकल्या. एक माणूस होता दिवेआगरच्या बाजूचा, सरकारी विश्रामगृहाच्या चौथ्या पायरीवरून पडलो म्हणत होता, काठी घेऊन लंगडत आला होता. बाई चपला काढून उभ्या राहिल्या. "चौथीच का? नीट आठवा." म्हणाला, "चौथीच. मोजलीय मी." बाई म्हणाल्या, "मी रविवारी तिथं जाऊन आले एस्टीने. तीन पायऱ्या आहेत. नसलेल्या पायरीवरून पडलात म्हणजे फार जोरात लागलं असेल तुम्हाला." सगळं कोर्ट हसलं, जजसाहेबपण खाली बघून हसले. तो माणूस बाहेर आला तेव्हा काठी विसरून आला. मीपण हसले आणि मग माझ्या ध्यानात आलं. ही बाई जाऊन बघते. ही आमच्याकडंपण येणार.

आल्याच. ओहोटी बघून आल्या, साडी वर खोचून, चपला हातात, बरोबर खात्याचा एक माणूस मोजायची टेप घेऊन. मी वरून वाळवणाच्या मागे उभी राहून बघत होते. त्या खाली खडकापर्यंत गेल्या, ह्यांचं अंग जिथं पडलं होतं तिथं. तुटलेल्या कठड्याचा उरलेला तुकडा धरून हलवला, तर गंजाचा भुगा त्यांच्या हातावर पडला. हात धुवायच्या ऐवजी त्या नुसत्या बघत राहिल्या हाताकडं. मग टेपवाल्याला काय तरी ओरडल्या, वाऱ्याने मला ऐकू नाय आलं, पण तो माणूस खाली मान घालून उभा होता.

एकदा कोर्टात स्वरा खूप रडत होती, भूक लागलेली, आणि बसायला आडोसा नाय. बाई बाजूने जाताना थांबल्या. "आत जा माझ्या खोलीत. पाज तिला. केसबद्दल एक अक्षर काढायचं नाही." मी आत बसले, त्या दारात पाठ करून उभ्या राहिल्या, कोणाला आत येऊ देईनात. आमचाच वकील आला मला शोधत, त्यालापण म्हणाल्या, "थांबा तिकडे. जेवतंय कोणीतरी." मला तेव्हा एवढं वाटलं सांगावं, बाई, ते पहिल्या दिवशीचं विसरून जा, मी चुकून बोलले, माझ्या नवऱ्याचं नुकसान करू नका. पण अक्षर काढायचं नव्हतं. स्वरा पिता पिता झोपली आणि मी त्यांच्या पाठीकडं बघत बसले.

मग तो दिवस आला, ज्या दिवशी त्या आमच्या घरी पाणी नाय प्यायल्या. ह्यांना कोर्टात नेता येईना, पाठीला जखमा झाल्या होत्या. म्हणून कोर्टाने ह्यांची साक्ष घरी घ्यायला एक वकील नेमून दिला, त्याला कमिशनर म्हणतात. तो लिहायला, आमचा वकील, आणि बाई उलटतपासाला. आमच्या ओटीवर चार खुर्च्या, त्यातल्या दोन शेजारच्या, मध्ये ह्यांची खाट. ह्यांनी दाढी करून घेतली होती माझ्याकडून, स्वच्छ शर्ट घातला होता. सकाळीच आमच्या वकिलाने परत परत सांगितलं होतं, "दोरी विचारली तर काय? नव्हती."

बाईंनी चपला दारातच काढल्या. आमच्याकडं सगळेच काढतात, पण त्यांचं मला वेगळं वाटलं. मी आतल्या दारात, स्वरा कडेवर. बाईंनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, होडी किती वर्षं चालवता, भरती-ओहोटी कळते का, पायऱ्या तुटल्या होत्या ते दिसत होतं का. हे उत्तर देत होते. मग त्या थांबल्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या. आणि विचारलं, "पायऱ्यांच्या तोंडाशी दोरी होती. ती कोणी बांधली?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे बाईंना कोणी सांगितलं ते ह्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी ह्यांना कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. आमचा वकील खोकला. ह्यांनी परत बाईंकडं बघितलं आणि म्हणाले, "मीच. माझ्या हातची गाठ हाय ती, अजून असंल बघा तिथं. माझी गाठ सुटत नाय."

"म्हणजे तिथून उतरणं धोक्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"तरी उतरलात."

"होडी सुटत होती ना बाई."

कमिशनरने लिहून घेतलं. आमच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं संपलं, आता त्या उठतील. खात्याचा साहेबपण आला होता, ओटीच्या पायरीवर उभा, तो हसून चप्पल शोधायला लागला. पण बाई उठल्या नायत. म्हणाल्या, "एक राहिलं. दोरी बांधायच्या आधी खात्याला कळवलं होतं?"

साहेब वळला. हे म्हणाले, "तीन अर्ज दिले. शिक्का हाय."

"कुठे आहे?"

हे मला म्हणाले, "आन गं." मी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि घाईत तांदूळ सांडले सगळीकडं. तांदळाची पूड लागलेला कागद मी बाईंच्या हातात दिला, त्यांनी तो झटकला, शिक्का बघितला आणि कमिशनरला दिला. आमचा वकील तोंड उघडं टाकून बघत होता, त्याला तो कागद माहीतच नव्हता. मी कधी सांगणार, त्याला वेळ कुठं होता.

बाहेर पडताना साहेब त्यांना दात-ओठ खाऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या वकील?"

"सरकारची," बाई म्हणाल्या. "म्हणून विचारलं. अर्धा प्रश्न विचारून मी आजपर्यंत एकपण केस जिंकलेली नाय, आणि आता ह्या वयात सुरू करनार नाय." गावठीत म्हणाल्या. म्हणजे चिडल्या होत्या.

हे रात्री मला एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस व्हय?" मी हो म्हटलं. मला वाटलं ओरडतील. तर म्हणाले, "बरं झालं. मला खोटं बोलताना धाप लागली असती." आणि माझा हात धरून ठेवला. ह्यांच्या हातात ताकद होती शेवटपर्यंत. हातात होती.

पाऊस संपता संपता हे गेले. जखमांचं विष अंगात भिनलं म्हणाले डॉक्टर. दाव्यावर माझं आणि स्वराचं नाव लावायचं होतं म्हणून तेरावं झाल्यावर कोर्टात जावं लागलं. बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, माझं कपाळ बघितलं, गळा बघितला आणि उभ्या राहिल्या. जजसाहेब आले की उभ्या राहतात तशा. नंतर जजसाहेबांनी विचारलं सरकारचं काय म्हणणं, तर त्या म्हणाल्या, "हरकत नाही," पण एवढ्या हळू की साहेबांनी परत विचारलं. परत म्हणाल्या. तेपण हळूच.

निकाल लागला, निम्मी चूक सरकारची, निम्मी ह्यांची. आमच्या वकिलाने पेढा भरवला, म्हणाला, अर्जाच्या कागदामुळं वाचलो वहिनी. मी त्याला ते पान वाचून दाखवायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं, की सदर इसम स्वतः बांधलेली दोरी स्वतः ओलांडून गेला. मी ते त्याला तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांसाठी बांधली होती ते कुठं लिहिलेलं नाय.

आणि ती निम्मी पण हातात नाय आली, कारण खातं अपिलात गेलं, मुंबईला, हायकोर्टात. कारकून सांगतो, मोठ्या मॅडमनी फाईलवर लिहून दिलं होतं की अपील करू नये, साहेबांनी ऐकलं नाय, आणि पुढच्या वेळेला सरकारी वकिलांच्या यादीत बाईंचं नावच नाय आलं. खरं खोटं देव जाणे. आता पुढच्या महिन्यात तिकडं तारीख हाय आणि मला आत्तापासून झोप नाय. एवढं मोठं कोर्ट, एवढे काळे कोट, कोण कोणाच्या बाजूचं मला कसं कळणार. एवढं ठरवलंय, कोणी समोरून गोड बोललं तरी आधी विचारायचं, तुम्ही कोणाच्या.

हे सगळं लिहायचं कारण, परवा बाई आमच्या जेट्टीवर आल्या.

मी तिथं सुकं विकायला बसते आता, बोंबील, सोडे. स्वरा शाळेत होती. दुपारची वेळ. मी आधी ओळखलंच नाय. कोट नाय, फाईल नाय, साधी सुती साडी, एकदम लहान दिसत होत्या. पलीकडं जायला होडीची वाट बघत होत्या. माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणी आहे का गं?"

मी तांब्या दिला. त्या उभ्यानेच प्यायल्या, वरून, घटाघटा, पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं तरी थांबल्या नायत. मी बघत राहिले. पाच वर्षं झाली मी ह्या बाईंना पाणी देतेय.

मग माझं तोंड सुटलं. नेहमीसारखं. "बाई, मी पहिल्या दिवशी बोलले म्हणून तुम्ही दोरी विचारलीत का?"

मला वाटलं नाय म्हणतील. कोणीपण नायच म्हटलं असतं, माझ्याकडं बघून. मला नायच ऐकायचं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप प्रयत्न केला न ऐकल्यासारखं करायचा. पण माझ्या हातात तो दावा होता, आणि मला ते माहीत होतं. नाही जमलं."

मी खाली बघितलं. बोंबलांवर माश्या बसत होत्या, त्या हाकलत राहिले. त्या वाकल्या, अगदी माझ्या तोंडाजवळ आल्या.

"आणि अर्जाचं कोणी सांगितलं होतं मला?" म्हणाल्या. "ते पण तूच. त्याच दमात. तांदळाच्या डब्यात आहे म्हणालीस. तुझ्या वकिलाला माहीत नव्हतं, खात्याने तर ते अर्ज फाईलमधून काढूनच टाकले होते. दोन्ही तुझंच होतं, बाय. मी एक बाहेर काढलं तर दुसरं आत ठेवू शकत नव्हते."

मला हे आठवतच नव्हतं. एवढी वर्षं मला फक्त दोरी आठवत होती.

मी काय तरी म्हणणार तेवढ्यात होडी लागली. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि पायऱ्यांकडं गेल्या. निकालानंतर खात्याने तुटलेल्या पायऱ्या बांधल्यात आणि तिथं नवा कठडा लावलाय, चकचकीत. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या. एका पायरीवर पाय ठेवायच्या, कठडा हलवायच्या, मग खालच्या पायरीवर. होडीवाला वैतागला, "आजी, या ना, पक्कं हाय ते." त्यांनी त्याच्याकडं बघितलंच नाय.

शेवटच्या पायरीवर थांबल्या. हे पडले ती. तिथला दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, पाठ वाकवून, सगळं अंग लावून हलवला. एकदा. परत एकदा. नाय हलला.

मग उतरायच्या ऐवजी त्या तो तसाच धरून उभ्या राहिल्या. खालून होडीवाला हाका मारत होता.